प्रमाण डोळा

आमच्या प्रयोगशाळेत सहा वर्षं एकच डोळा खात्रीने निरोगी होता, आणि तो सरांचा डावा डोळा होता. बाकी जगाचे डोळे त्याच्याशी ताडून पाहायचे आणि मग ठरवायचं, कोण बरा आणि कोण आजारी. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. सकाळी बरोबर सव्वानऊला यायचे, कोट खुंटीला अडकवायचे, मशीनसमोरच्या स्टुलावर बसून हनुवटी टेकवायचे आणि म्हणायचे, "चला, लावून घ्या." मशीन चालवणारी मी. मी बटण दाबायचे. सरांच्या डोळ्याचा आकडा दोनशे चाळीस आला पाहिजे. नाही आला, तर मशीन चुकलं. मग आलेल्या आकड्यातून दुरुस्तीचा एक आकडा वजा करून मशीनला दोनशे चाळीस म्हणायला लावायचं, तो आकडा वहीत लिहायचा आणि दिवस सुरू करायचा. इतर ठिकाणी बाबा वाक्यं प्रमाणम् असतं. आमच्याकडे बाबांचा डोळा प्रमाण होता.

हे दोनशे चाळीस म्हणजे काय, ते सांगते. पाहुण्यांना हेच सांगण्यात माझी निम्मी नोकरी गेली आहे, त्यामुळे पाठ आहे. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो. त्यावर अगदी मंद निळा लेझर टाकला की पडद्यातले रेणू उलट थोडासा उजेड देतात आणि विझतात. निरोगी पडदा झटकन विझतो, आजारी पडदा रेंगाळतो. किती रेंगाळतो? एका सेकंदाचे लाख कोटी तुकडे करा. त्यातल्या दोनशे-अडीचशे तुकड्यांत विझला तर छान, तीनशेच्या वर गेला तर काळजी. माणसाला काही जाणवायच्या कितीतरी आधी पडदा अशी स्वतःची चुगली करतो आणि आमचं मशीन ती ऐकतं. अशी मशीन जगात मोजकीच आहेत असं सर प्रत्येक भाषणात सांगतात. ते खरं आहे, म्हणून तर त्यांना आवरता येत नाही.

एवढं नाजूक मशीन रोज लावून घ्यायला खरं तर डोळा लागतच नाही. एका ठरावीक रंगाची बाटली लागते. त्या रंगाचा उजेड किती तुकड्यांत विझतो हे सगळ्या जगाला माहीत असतं, त्यावर मशीन लावलं की काम झालं. आमची बाटली सहा वर्षांपूर्वी संपली. नवी मागवायला मी अर्ज दिला. खरेदी विभागाने कळवलं, तीन कंपन्यांची पत्रं जोडा. मी लिहिलं, हा रंग एकच कंपनी करते. त्यांनी कळवलं, तसं तीन कंपन्यांकडून लिहून आणा. मी आणखी दोनदा लिहिलं, मग हात टेकले.

तेव्हा सर म्हणाले, "बाटली कशाला हवी? माझा डावा डोळा घ्या. पंचावन्न वर्षं झाली, चष्मा नाही. माझ्या वडिलांनाही नव्हता." तात्पुरती सोय म्हणून सुरू झालं. माणसाला निवृत्तीचं वय असतं, तात्पुरत्या सोयीला नसतं.

आता माझ्या ताईविषयी, कारण ही गोष्ट मुळात तिच्या डोळ्यांची आहे. सरांचा डोळा नुसता मध्ये आला.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आमच्या आईला साठीच्या आत समोरचं दिसेनासं झालं. कडेचं दिसायचं, मधलं गेलं. खोलीत कोण आलं ते कळायचं, पण चेहरा दिसायचा नाही. तेव्हापासून घर ताईने चालवलं आणि मला तिने शिकवलं. ती दुकानांच्या पाट्या रंगवते. छापील पाट्यांच्या जमान्यातही तिच्याकडे माणसं येतात, कारण तिची रेघ. पट्टी न लावता ती हातभर सरळ रेघ ओढते, आणि वर कुणी पट्टी लावून बघितली तर तिला राग येतो. लग्न तिने केलं नाही, माझं टिकलं नाही, त्यामुळे आम्ही दोघी एकाच घरात एकमेकींच्या चुका काढत राहतो.

सात महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी ब्रश धुताना ती म्हणाली, "अगं, मला रेघ मधेच वाकलेली दिसते. उजव्या डोळ्याने."

शहाण्या माणसाने काय केलं असतं? दवाखान्यात नेलं असतं. तो लांबही नव्हता. आमच्याच इमारतीत, आमच्या खालच्या मजल्यावर डोळ्यांचा दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टरीणबाई अजून आलेल्या माणसाच्या हातात चौकटींचा कागद देतात आणि विचारतात, रेघा सरळ दिसतात का? आम्ही वरच्या मजल्यावर या कागदाला हसायचो. आम्ही रेणू बघणारी माणसं, शाळेच्या वहीचा कागद बघून आम्हाला हसू येणारच.

तर मी ताईला शनिवारी प्रयोगशाळेत नेलं. तिला स्टुलावर बसवलं, हनुवटी टेकवायला लावली, दिवे घालवले. आदल्या दिवशी मशीन सरांच्या डोळ्यावर लावलेलं होतंच. उजव्या डोळ्याचा आकडा आला दोनशे अठ्ठावन्न. डाव्याचा दोनशे बेचाळीस. मला इतका आनंद झाला की मी तिला छापील कागद काढून दिला.

"तुझे रेणूसुद्धा ठणठणीत आहेत," मी म्हटलं. "डॉक्टरांना नुसता डोळा दिसतो, मला त्याच्या आतलं दिसतं."

"मग रेघ वाकडी का?"

"वय झालं तुझं. हात थरथरत असेल."

"मी डोळ्याचं विचारतेय आणि ही मला हाताचं सांगतेय," ताई म्हणाली. पण तिने तो कागद घडी करून कपाटात ठेवला. तिचा माझ्यावर विश्वास आहे. तिच्यात दोष असे फारसे नाहीत, हा एक आहे.

पुढचे सात महिने मी काय काय बोलले ते मला पाठ आहे. ती पाटीवर दोरा ताणून रेघ मारायला लागली तेव्हा मी म्हटलं, "आता शिकाऊ झालीस का?" एका न्हाव्याने दुकानाची पाटी परत पाठवली, ओळ उतरती आहे म्हणून, तेव्हा मी म्हटलं, "त्याच्या भिंतीचंच काहीतरी असेल." चहा कपाच्या बाहेर पडला तेव्हा म्हटलं, "लक्ष कुठे असतं तुझं?" मी दिवसभर लोकांचे डोळे डोळ्यांत तेल घालून बघत होते आणि माझ्या घरात हे चाललं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात, आमचा तर लेझर होता.

मग सर परिषदेला गेले. दर वर्षी जातात, पण एरवी त्या आठवड्यात आम्ही मशीन बंद ठेवतो. सर रजेवर म्हणजे सत्यही रजेवर. या वेळी मात्र त्याच आठवड्यात चाळीस माणसांना तपासणीला बोलावून ठेवलं होतं, म्हणून सर जाताना म्हणाले, "कुणाही निरोगी माणसाचा डोळा घ्या. एका आठवड्याचा प्रश्न आहे."

कुणीही म्हणजे थिसिस. ही आमची संशोधक मुलगी. मुलगी कसली, तिशी उलटली तिची. गेली सात वर्षं याच मशीनच्या आकड्यांवर प्रबंध लिहिते आहे, त्यामुळे तिचं खरं नाव आता फक्त हजेरीपत्रकाला आठवतं. थिसिस बसली. आकडा आला एकशे अडुसष्ट.

"हललीस," मी म्हटलं.

"श्वाससुद्धा घेतला नाही, मॅडम."

परत घेतला. एकशे एकोणसत्तर. इतक्या लवकर विझणारा पडदा माणसाचा नसतो. मग खालून पहारेकऱ्याला बोलावलं. तो टोपी काढून बसला. एकशे एकाहत्तर. ग्रंथपालबाई कुरकुरत आल्या. एकशे चौऱ्याहत्तर.

थिसिस मशीनकडे बघत म्हणाली, "मॅडम, आपल्या सगळ्यांचे डोळे सरांपेक्षा चांगले आहेत का?"

"असं म्हणायचं नसतं."

"मग काय म्हणायचं?"

"मशीन बिघडलं म्हणायचं," मी म्हटलं आणि सरांना फोन लावला.

सरांचं भाषण दुपारी होतं. घाईत होते. "लेझर उतरला असणार," ते म्हणाले. "म्हातारा झालाय, मी केव्हाचा सांगतोय. सत्तरचा फरक आहे ना? दुरुस्तीत सत्तर कमी करा आणि चालू ठेवा."

माझी बोटं कळफलकावर गेलीही होती. सहा वर्षांची सवय, विचार कुठे करावा लागतो? पण महिन्यापूर्वीच कंपनीचा दुरुस्तीवाला येऊन गेला होता. त्याने सगळं उघडून बघितलं आणि लिहून दिलं, की लेझर नव्यासारखा आहे. सर तेव्हा म्हणाले होते की त्या माणसाला काही कळत नाही. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी तेव्हा दुरुस्तीवाल्याबद्दल वापरली होती. दुसरं असं, की तिघांचे तीन डोळे, तीन वयं, आणि आकडे सहाच्या आत. खोटं बोलणारे सहसा असं जुळवून घेत नाहीत.

मी उठून तळघरात गेले. तिथे रसायनशास्त्रवाले बसतात. त्यांचे मुख्य काका निवृत्तीला आलेले आणि गप्पांना भुकेलेले. मी रंगाचं नाव सांगितलं. त्यांनी मागे न बघता हात वर केला आणि फळीवरून हा एवढा मोठा डबा काढला.

"किती हवाय?"

"तुमच्याकडे असतो?"

"विद्यार्थ्यांना प्रयोगाला लागतो. ताजा मिसळून देतो." छोट्या बाटलीत ओतताना त्यांनी विचारलं, "सहा वर्षं काय करत होतात मग?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही खरेदी विभागातून. मी बाटली घेऊन वर आले.

बाटलीवर मशीन लावलं. दुरुस्ती किती लागावी? दोन. नुसती दोन. सहा वर्षांपूर्वी जेवढी होती तेवढीच. लेझर ठणठणीत होता, तो कधी म्हातारा झालाच नव्हता.

मग मी कपाटातून सहा वह्या काढल्या. चौदाशेच्या वर नोंदी, सगळ्या माझ्या अक्षरात. पहिल्या महिन्यात दुरुस्ती दोन, दोन, तीन. वर्षाअखेर नऊ. तिसऱ्या वर्षी तीस. गेल्या शुक्रवारी बहात्तर. एकदाही उतरली नव्हती. दर महिन्याला एखाद्या तुकड्याने मशीन म्हातारं होत होतं असं आम्ही म्हणत होतो, आणि म्हातारा होत होता तो डावा डोळा. रोज सकाळी तो डोळा सांगत होता की मी आजारी पडतोय, आणि रोज सकाळी मी मशीनला दटावून गप्प करत होते. सर आजारी, त्यामुळे आजार हेच आरोग्य. जे सरांइतकेच आजारी होते ते सगळे आमच्याकडून हसत हसत घरी गेले होते.

थिसिसला सगळं माझ्या तोंडाकडे बघूनच कळलं. तिने संगणक ओढला आणि दुरुस्ती काढून टाकून सगळे जुने आकडे पुन्हा मांडायला बसली. तिच्या सात वर्षांच्या कामाची ती स्वतःच्या हाताने माती करत होती. मी वहीत सात महिन्यांपूर्वीचा शुक्रवार शोधला. त्या दिवशीची दुरुस्ती सहासष्ट होती, त्यातले दोन मशीनचे, बाकीचे सरांच्या डोळ्याचे. दोनशे अठ्ठावन्न अधिक चौसष्ट. तीनशे बावीस. एवढी बेरीज मी कागदावर दोनदा केली.

दुपारी घरी गेले तेव्हा ताई पाटीला अस्तराचा रंग देत होती. मी तिच्या डाव्या डोळ्यावर हात ठेवला.

"काय दिसतं?"

"तू दिसतेस."

"माझा चेहरा दिसतो?"

तिने मान जरा तिरकी केली. "केस दिसतात. कान दिसतात. मधे पुसल्यासारखं आहे." मग म्हणाली, "तू म्हणालीस ना, काही नाही म्हणून. मी काही बोलले नाही मग."

तासाभरात आम्ही खालच्या मजल्यावर होतो. डॉक्टरीणबाईंनी चौकटींचा कागद दिला. ताईने एका डोळ्यावर हात धरला आणि रंगाऱ्याच्या बोटाने कागदावर बरोबर दाखवलं, इथे रेघ वाकते, इथे तुटते, इथे काही नाही. अर्ध्या मिनिटात झालं. मग आत नेऊन तपासणी केली, दोन छायाचित्रं काढली. डॉक्टरीणबाई समोर येऊन बसल्या.

"मावशी, उजव्या डोळ्याच्या पडद्याखाली नको त्या जागी रक्तवाहिन्या वाढल्यात. त्या गळल्या आणि आता तिथे वण धरलाय. मधलं जे गेलंय ते परत येणार नाही. डाव्यात आत्ता कुठे सुरुवात आहे. त्याला इंजेक्शनं सुरू करू, तो आपण सांभाळू."

मी विचारलं, "सात महिन्यांपूर्वी आलो असतो तर?"

"तर दोन्ही सांभाळले असते, बहुतेक," त्या म्हणाल्या आणि ताईकडे वळल्या. "रेघा वाकड्या दिसत होत्या, मग इतके दिवस थांबलात का?"

"वेळच मिळाला नाही," ताई म्हणाली. "पाट्यांची कामं होती."

डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं. मी तिथेच उभी होते, तिच्या खुर्चीच्या मागे, तिची पिशवी धरून. मी भिंतीवरचं हात कसे धुवावेत याचं पत्रक वरपासून खालपर्यंत वाचलं. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटणारी माणसं जे करतात तेच मी केलं. गप्प बसले.

सोमवारी सव्वानऊला सर आले. परिषदेत टाळ्या चांगल्या पडल्या होत्या. कोट खुंटीला गेला, हनुवटी टेकली. "चला, लावून घ्या."

"लावलंय सर. बाटलीवर. आता तुमचा डोळा मोजते."

तीनशे अकरा.

"परत घ्या."

तीनशे बारा.

"रंग शिळा असेल."

"आज सकाळी करून आणलाय." मी पहिली वही त्यांच्यासमोर उघडली, मग दुसरी, मग तिसरी. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायला ज्यांनी जगातलं सगळ्यात बारीक मशीन आणलं, त्यांना स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दाखवायला शाईने लिहिलेल्या वह्या लागल्या. सर वाचत गेले. सहाव्या वहीपर्यंत आले तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता.

"पण मला दिसतं सगळं," ते म्हणाले. "व्यवस्थित दिसतं."

"त्या त्रेसष्ट जणांनाही दिसत होतं, सर." ही संख्या थिसिसने काढली होती. बरे म्हणून घरी पाठवलेल्यांपैकी त्रेसष्ट जण आता तीनशेच्या वर जात होते. त्यांतली एक माझी बहीण.

"किती वर्षं आहेत माझ्याकडे?" त्यांनी विचारलं. सहा वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न, ज्याचं उत्तर त्यांना आधीपासून माहीत नव्हतं. मला त्यांची दया आली. खरंच आली. खाली जाऊन दाखवून घ्या म्हटलं, आणि ते गेलेही, गुपचूप, मागच्या जिन्याने.

दया मंगळवारपर्यंत टिकली. बुधवारी सर आले ते हातात कागद घेऊन आणि चेहऱ्यावर तेज घेऊन. कागदावर शोधनिबंधाचं शीर्षक होतं, 'एका डोळ्याची सहा वर्षं'.

"जगात कुणाकडे नाही हे," ते म्हणाले. "आजाराच्या आधीपासून रोजची नोंद. त्याच मशीनवर, त्याच वेळेला, परिषदेचे आठवडे सोडले तर खाडा नाही. लोक अशा नोंदींसाठी जन्म घालवतात, बाई, आणि आपल्याकडे आपोआप तयार झाली."

वाईट हे, की ते खरं होतं. आमच्या गाढवपणातून खरोखरच सोनं निघालं होतं. पडत्या माणसाला जिना सापडावा तसा सरांना नेहमी एक निबंध सापडतो.

"आणि ते त्रेसष्ट?" मी विचारलं.

"कळवू ना. निबंध स्वीकारला गेला की रीतसर पत्र काढू." त्यांनी मजकूरही सांगितला, मी उतरवून घेतला. 'काही तांत्रिक कारणास्तव फेरतपासणीसाठी आपण आपल्या सवडीने यावे.'

"स्वीकारायला किती दिवस लागतील?"

"चार-पाच महिने."

"माझ्या बहिणीचा डोळा जायला सात लागले."

सरांनी कागद खाली ठेवला. "त्याचं मला वाईट वाटतं. पण तुम्ही तिला दवाखान्यात न्यायला हवं होतं. आपलं मशीन संशोधनासाठी आहे, इलाजासाठी नाही. दारावर तशी पाटीच आहे."

आहे. ताईनेच रंगवली आहे. सर नको त्या वेळी बरोबर बोलतात, हे त्यांच्याबरोबर काम करण्यातलं सगळ्यात अवघड. सर चुकले होते आणि मीही चुकले होते, पण रेघ वाकडी दिसते असं सरांना कुणी येऊन सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं.

"आणि परस्पर कुणाला फोन करू नका," ते जाता जाता म्हणाले. "विभागाच्या नावाचा प्रश्न आहे."

संध्याकाळी थिसिसने त्रेसष्ट नावांची आणि फोन नंबरांची यादी छापली, माझ्या पिशवीशेजारी ठेवली आणि खिडकीबाहेर बघत उभी राहिली. तिचं सातवं वर्ष आता नववं-दहावं होणार होतं आणि सरांची एक सही तिला बाराव्यात नेऊ शकत होती. मी यादी पिशवीत टाकली. खाली डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "सगळे पाठवा. मी बघते कसं बसवायचं ते."

रविवारी सकाळी मी घरी टेबलापाशी बसले. ताईला दोन दिवसांपूर्वी डाव्या डोळ्यात पहिलं इंजेक्शन दिलं होतं. डोळा लाल होता, उजेड सोसत नव्हता, म्हणून खिडकीकडे पाठ करून ती माझ्यासमोर बसली होती. हातांना काम हवं म्हणून जुने ब्रश निवडत होती. ब्रशाचे केस बोटांनी चाचपून बरे एकीकडे, टाकायचे एकीकडे.

पहिला फोन एका निवृत्त शिक्षकांना. "तुम्हीच ना त्या?" ते म्हणाले. "तुम्हीच म्हणालात, काही काळजी करू नका." मी म्हटलं, हो, मीच म्हणाले, ते चुकीचं होतं. त्यांनी ते मला पुन्हा एकदा म्हणायला लावलं. दुसरा एक बसचालक. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "उद्या माझी पहाटेची फेरी आहे, ती करू का?" दवाखाना किती वाजता उघडतो तेवढं सांगितलं. पाचवी एक बाई मला शिव्या देऊ लागली आणि मला जरा बरं वाटलं. आठव्या आजी म्हणाल्या, "रविवारी फोन करतेस बाळा, किती काळजी आहे तुला." त्या फोननंतर मी उठून पाणी पिऊन आले.

सुरुवातीला मी अडखळत होते. मशीन, दुरुस्ती, बाटली, असं काय काय सांगत होते. हळूहळू लक्षात आलं की कुणाला त्यातलं काही नको असतं. दहाव्या फोनपासून वाक्य सरळ झालं. 'तुमचा डोळा चांगला आहे असं मी सांगितलं होतं. मी चुकले. उद्या सकाळी दवाखान्यात या.' एकोणिसावा फोन ठेवला आणि नावापुढे खूण केली.

"छान जमायला लागलं," ताई म्हणाली.

"काय?"

"मी चुकले म्हणणं. सकाळपासून एकोणीस परक्या माणसांना म्हणालीस." तिने एक ब्रश उचलला, चाचपला. "मला अजून म्हणाली नाहीस."

मी म्हटलं, "तुला माहीत आहे, ताई."

"माहीत आहेच. मी काय खुळी आहे? यादीतल्या माणसांना तू फोनवर सांगतेस, म्हणून त्यांना कळतं. मी यादीत नाही का?"

होती. बेचाळिसाव्या क्रमांकावर, आमच्याच घरच्या नंबरासह. तिच्या नावावर मी सकाळीच काट मारून ठेवली होती, कारण तिला सांगायची गरज नाही असं मला वाटलं होतं.

मी फोन बाजूला ठेवला. तिच्याकडे बघितलं. ती कुठे बघत होती ते मला नीट कळत नव्हतं. दहा शब्दांचं वाक्य, एकोणीस वेळा म्हटलेलं, तोंडाशी येईना. मग आलं. "तुझा डोळा चांगला आहे असं मी सांगितलं होतं. मी चुकले. तू सांगत होतीस आणि मी तुला तुझ्या हाताचं सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही मी गप्प बसले. तुझा डोळा माझ्यामुळे गेला."

ताईने शेवटपर्यंत ऐकलं. ती 'असू दे' म्हणाली नाही. 'तुझी काय चूक' असंही म्हणाली नाही, आणि मला ते हवं होतं की नको होतं ते अजून सांगता येत नाही. तिच्या लाल डोळ्यातून पाणी येत होतं, पण ते इंजेक्शनमुळे दोन दिवस येतच होतं. तिने हातातला ब्रश टाकायच्या ढिगात ठेवला, पुढचा घेतला आणि म्हणाली, "हं. लाव पुढचा फोन. लोक वाट बघत नाहीत म्हणून काय झालं, डोळे थोडेच थांबतात?"